कातुम्बींना न विचारलेला प्रश्न

काँगोचं सरकार, सरकारी वकील आणि सत्तेतल्या मंडळींनी गेल्या दहा वर्षांत विरोधी नेते मोइझ कातुम्बी यांच्यावर जे आरोप केले, ते ओळीने मांडून पाहावेत. पहिला आरोप असा, की कटांगा प्रांतातल्या लुबुम्बाशी शहरातलं दुसऱ्याच्या मालकीचं घर त्यांनी लबाडीने विकलं. दुसरा, परदेशातून भाडोत्री सैनिक आणून सरकार उलथवायचा बेत केला. तिसरा, इटलीचं नागरिकत्व घेऊन ते लपवलं. चौथा खरं तर आरोपच नाही, पण आरोपासारखा तोंडावर फेकला जातो: त्यांचे वडील काँगोचे नव्हते. पाचवा आरोप असायला हवा होता आणि तो कुठेच नाही. कटांगा या तांबं आणि कोबाल्टच्या मुलखात ठेकेदारी करून गडगंज झालेला हा माणूस त्याच मुलखाचा साडेआठ वर्षं कारभारी होता. त्या काळात ठेके कुणाला मिळाले, कोणत्या अटींवर मिळाले, त्यात त्याच्या स्वतःच्या कंपनीचा वाटा किती, हे त्याला कोणत्याही कोर्टाने उभं करून विचारलेलं नाही.

हा प्रश्न चुकून राहून गेला असं मला वाटत नाही. तो विचारला तर एकट्या कातुम्बींपाशी थांबणार नाही, राजधानी किन्शासातल्या निम्म्या बंगल्यांच्या दारापर्यंत जाईल, म्हणून तो विचारला जात नाही. त्याच्या जागी खोटे खटले आणि रक्ताचे दाखले आले. त्याने कातुम्बींचं नुकसान झालंच, पण त्याहून मोठं नुकसान कटांगातल्या साध्या माणसाचं झालं. ज्या हिशेबावर त्याचा हक्क होता, तो हिशेब या गदारोळात बुडाला.

आधी माणूस कोण ते पाहू. कातुम्बींचा जन्म 1964 चा. वडील निस्सिम सोरियानो हे रोड्स बेटावरचे सेफार्दी ज्यू. रोड्स तेव्हा इटलीच्या ताब्यात होतं. मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूंविरुद्ध वंशाचे कायदे केले, त्या काळात त्यांनी बेट सोडलं आणि बेल्जियन काँगो गाठला. झांबियाच्या हद्दीलगत म्वेरू नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठावरच्या काशोब्वे गावात त्यांनी मासळीचा धंदा मांडला. आई काँगोची, तिथल्या जुन्या राजघराण्याशी नातं सांगणारी. घरात व्यापार होता आणि तो व्यापार खाणींच्या आधाराने चालायचा, कारण सरोवरातली मासळी खाणमजुरांच्या वस्त्यांवर जायची. मोठे सावत्र भाऊ राफाएल कातेबे कातोतो हेही पुढे बडे व्यापारी झाले आणि राजकारणातही उतरले.

त्या खाणी म्हणजे जेकामिन ही सरकारी कंपनी. 1980 च्या दशकाच्या मध्यावर जेकामिन वर्षाला साडेचार लाख टनांहून अधिक तांबं काढत होती. तिच्या शाळा होत्या, दवाखाने होते, कामगाराला महिन्याला मक्याच्या पिठाचं पोतं मिळायचं. हुकूमशहा मोबुटूंच्या काळात कंपनीची गाय दुभती होती तोवर पिळली आणि मग आटू दिली. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उत्पादन वीसेक हजार टनांवर आलं. दहा हजारांहून अधिक कामगारांना एकरकमी पैसे हातावर ठेवून घरी बसवलं. कंपनी मोडली, पण जमिनीखालचं धातुक जागच्या जागीच होतं, आणि ते उपसायला आता खासगी ठेकेदार लागणार होते.

कातुम्बींची एमसीके ही कंपनी, म्हणजे मायनिंग कंपनी कटांगा, याच पोकळीत उभी राहिली. खाणीचा परवाना एकाच्या नावावर असतो. वरची माती हटवणं, खडक फोडणं, माल भरून कारखान्यापर्यंत वाहून नेणं ही कामं दुसऱ्याकडे जातात. त्या दुसऱ्याला भूगर्भशास्त्र फारसं यावं लागत नाही. त्याच्याकडे डंपर लागतात, डिझेलचा पुरवठा लागतो, आणि परवानेवाल्यांशी उठबस लागते. धंदा पूर्ण कायदेशीर आहे आणि त्यात कष्टही आहेत. मात्र या धंद्यातला नफा सरकारी माणसाच्या एका सहीवर टांगलेला असतो. ठेकेदाराची मर्जी राखणारा आमदार किंवा आमदारच ठेकेदार, हे चित्र आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

लुबुम्बाशीच्या गल्लीतल्या पोराला मात्र कातुम्बी माहीत आहेत ते डंपरमुळे नाही, फुटबॉलमुळे. 1997 पासून ते टीपी माझेम्बे या क्लबचे अध्यक्ष आहेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या या संघाने त्यांच्या काळात 2009, 2010 आणि 2015 असा तीनदा आफ्रिकेचा चॅम्पियन्स करंडक जिंकला. डिसेंबर 2010 मध्ये अबू धाबीला क्लबांच्या विश्वचषकात माझेम्बेने ब्राझीलच्या इंटरनॅसिओनालला 2-0 ने हरवलं, तो दिवस मी विसरणार नाही. गोल झाला की गोलरक्षक रॉबर्ट किदियाबा स्वतःच्या गोलपुढच्या गवतावर बसायचा, पाय समोर ताठ करायचा आणि बसल्या बसल्या ढुंगणावर उड्या मारत पुढे सरकायचा. डोक्यावर बारीक वेण्या, हातमोजे हवेत, आणि चेहऱ्यावर असा आनंद की टीव्हीसमोर बसलेल्या माणसालाही उठून नाचावंसं वाटावं. आफ्रिकेतला क्लब त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचण्याची ती पहिलीच वेळ. अंतिम सामना इंटर मिलानने 3-0 असा जिंकला, पण लुबुम्बाशीत ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. ज्या देशाची बातमी जगाच्या पाठीवर युद्ध, बलात्कार आणि साथीचे रोग यापलीकडे जात नव्हती, त्या देशाच्या एका शहराने जगाला आपला आनंद दाखवला होता.

हा आनंद कातुम्बींच्या पैशाने उभा राहिला, हे मान्य करायलाच हवं. खेळाडूंना वेळेवर पगार, कामालोंदो भागात स्वतःचं स्टेडियम, परदेशी प्रशिक्षक. झांबिया, घाना अशा देशांतले चांगले खेळाडू युरोपऐवजी लुबुम्बाशीला यायला लागले, हे एका माणसाच्या हट्टाचं फळ. लोकांनी त्यावर जीव टाकला यात मला काही वावगं दिसत नाही. सरकारने त्यांना काही दिलं नव्हतं, या माणसाने दिलं.

2007 मध्ये कातुम्बी कटांगाचे निवडून आलेले गव्हर्नर झाले. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा शोभेचा नसतो, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारं ते पद आहे. तोवर ते तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ काबिला यांच्या पक्षात होते आणि त्यांच्या मर्जीतले होते. कामाचा सपाटा त्यांनी लावला यात शंका नाही. कच्चं धातुक तसंच्या तसं सीमेपार पाठवण्यावर बंदी घातली, धातू इथेच गाळा म्हणून कंपन्यांना सांगितलं. रस्ते झाले, कासुम्बालेसाच्या सीमानाक्यावरची वसुली तिजोरीत दिसू लागली. कटांगात जेवण म्हणजे बुकारी, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. ते पीठ मोठ्या प्रमाणात झांबियाहून यायचं आणि तिकडे भाव चढला की इकडे चूल विझायची. कातुम्बींनी खाण कंपन्यांना फर्मावलं की तुम्ही मक्याची शेतीही केली पाहिजे. कंपन्या कुरकुरल्या, पण त्यांना नांगर धरावा लागला. असा निर्णय घ्यायला बाजारात पीठ विकत घेणाऱ्या बाईचं दुःख कळावं लागतं, आणि ते त्यांना कळत होतं असं मी मानतो.

घोडं पेंड खातं ते पुढे. या सगळ्या काळात एमसीके कुटुंबाच्याच हातात राहिली. ती एका फ्रेंच कंपनीला विकली गेली 2015 च्या अखेरीस, म्हणजे गव्हर्नरपद सोडल्यानंतर. प्रांताचा प्रमुख खाणींना शिस्त लावतो आहे आणि त्याच खाणींवर त्याच्या घरच्या कंपनीचे डंपर धावताहेत. खाणीचे परवाने किन्शासातून निघतात, गव्हर्नर देत नाही, हे त्यांचे समर्थक सांगतात आणि ते खरंही आहे. पण रस्ता, नाका, स्थानिक कर, पोलिस बंदोबस्त, मजुरांचा संप, ही सगळी दोरी गव्हर्नरच्याच हातात असते. कंपनीच्या व्यवस्थापकाने ठेका देताना समोर कोण उभा आहे हे बघितलं नसेल, असं म्हणायला मोठं धाडस लागेल. कातुम्बींनी गैर केलं असा माझा दावा नाही, माझ्यापाशी तसा पुरावा नाही. अशा ठिकाणी नागरिकाला कागद पाहायला मिळायला हवेत आणि ते मिळाले नाहीत, इतकंच माझं म्हणणं आहे.

आणि त्याच वर्षांत कटांगाच्या जमिनीखालची संपत्ती वरच्या पातळीवर कशी गेली, ते तर जगाने मोजलं आहे. कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालच्या आफ्रिका प्रोग्रेस पॅनेलने 2013 मध्ये पाच खाण व्यवहारांचा हिशेब मांडला. 2010 ते 2012 या काळात सरकारी खाणी बाजारभावापेक्षा कितीतरी कमी किमतीला विकल्या गेल्या आणि देशाचं किमान 1.36 अब्ज डॉलरचं नुकसान झालं. त्या वेळच्या आरोग्य आणि शिक्षणाच्या वर्षभराच्या एकत्रित तरतुदीच्या जवळपास दुप्पट रक्कम ही. या व्यवहारांतला मुख्य मध्यस्थ डॅन गर्टलर हा अध्यक्ष काबिला यांचा निकटचा मित्र. अमेरिकेने त्याच्यावर डिसेंबर 2017 मध्ये निर्बंध लादले. कातुम्बींच्या पैशाचा प्रश्न कोर्टात प्रामाणिकपणे काढायचा, तर वकिलाने पुढचाच प्रश्न या 1.36 अब्जांचा विचारला असता. काबिलांच्या सरकारी वकिलाने तो दरवाजा उघडलाच नसता, उघडणं त्याला परवडणारंही नव्हतं.

म्हणून घर शोधून काढलं गेलं.

त्याआधी काय झालं ते थोडक्यात. काबिला 2001 पासून सत्तेवर होते, राज्यघटनेप्रमाणे दोन कार्यकाळ 2016 मध्ये संपत होते, आणि त्यांची खुर्ची सोडायची लक्षणं दिसत नव्हती. डिसेंबर 2014 मध्ये लुबुम्बाशीत जमलेल्या गर्दीपुढे कातुम्बी फुटबॉलच्या भाषेत बोलले. आपल्याविरुद्ध दोन खोट्या पेनल्टी दिल्या, आपण सोसल्या, तिसरीही दिली तर गप्प बसायचं का, असा त्याचा आशय होता. तिसरी पेनल्टी म्हणजे काबिलांचा तिसरा कार्यकाळ हे गर्दीतल्या शेवटच्या पोरालाही कळलं. जुलै 2015 मध्ये कटांगाचे चार तुकडे झाले. 26 प्रांतांची तरतूद घटनेत 2006 पासूनच होती, पण ती अमलात आणायची घाई सरकारला नेमकी तेव्हा सुटली. सप्टेंबरमध्ये कातुम्बींनी पक्ष आणि पद दोन्ही सोडलं. 4 मे 2016 ला अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली आणि त्याच दिवशी न्यायमंत्र्यांनी भाडोत्री सैनिकांच्या चौकशीची घोषणा केली. चौकशीसाठी ते कोर्टात जात असताना लुबुम्बाशीच्या रस्त्यावर अश्रुधुराची नळकांडी फुटली. 20 मे रोजी उपचारासाठी ते देशाबाहेर गेले. जूनमध्ये, त्यांच्या गैरहजेरीत, घराच्या जुन्या वादात त्यांना तीन वर्षांची कैद सुनावली गेली. तीन वर्षांची कैद म्हणजे निवडणुकीला उभं राहता येणार नाही.

हा निकाल देणाऱ्या न्यायाधीशांपैकी एका बाईंनी पुढच्याच महिन्यात लेखी सांगितलं, की निकालावर सही करायला माझ्यावर जबरदस्ती झाली. त्यांना देश सोडावा लागला. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. एक न्यायाधीश, हाताशी सुरक्षित नोकरी, पाठीशी कुणी मोठा नाही, आणि तरी ती कागदावर लिहून देते की मी दिलेला निकाल माझा नव्हता. कातुम्बींच्या सगळ्या कहाणीत मला सर्वांत उंच वाटलेलं माणूस हे आहे. त्यांच्याकडे ना क्लब होता ना खासगी विमान. काबिला आणि विरोधक यांच्यात समेट घडवायला बसलेल्या कॅथॉलिक बिशपांनीही हा खटला तपासला आणि त्याला सोंग म्हटलं.

अशा खोट्या खटल्याने आरोपी निर्मळ होतो. ज्याला खोट्या प्रकरणात अडकवलं त्याच्याविषयी उरलेले सगळे प्रश्नही खोटेच असणार, असं लोकांना वाटू लागतं. 2016 नंतर कातुम्बींच्या व्यवहारांवर कुणी बोट ठेवलं, की तो काबिलांचा हस्तक ठरायचा. लुबुम्बाशीतल्या एखाद्या प्रामाणिक पत्रकाराने एमसीकेच्या ठेक्यांवर लिहायचं ठरवलं असतं, तर एका बाजूला पोलिस आणि दुसऱ्या बाजूला संतापलेले चाहते अशी त्याची कोंडी झाली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण नेहमी वापरतो. इथे चोर कोण, संन्यासी कोण, हेच ठरवता येऊ नये अशी व्यवस्था करून ठेवली गेली.

ऑगस्ट 2018 मध्ये कातुम्बी झांबियाकडून कासुम्बालेसा नाक्यावर आले. ज्या नाक्याची वसुली त्यांनी कधीकाळी वठणीवर आणली होती, तोच हा नाका. तांब्याच्या पत्र्यांनी लादलेले ट्रक इथून दिवसरात्र दक्षिणेकडे जातात. त्यांना मात्र आत सोडलं नाही. अर्ज भरायची मुदत संपली आणि निवडणूक त्यांच्याविना झाली. त्यांनी मार्टिन फायुलू या विरोधी उमेदवाराला पाठिंबा दिला. अधिकृत निकालात फेलिक्स त्शिसेकेदी जिंकले. चाळीस हजार निरीक्षक नेमलेल्या कॅथॉलिक चर्चचे आकडे या निकालाशी जुळत नव्हते. काबिलांनी खुर्ची सोडली, पण किल्ल्या कुणाकडे जाव्यात तेही त्यांनीच ठरवलं, असंच बहुतेक काँगोलीज माणसं मानतात आणि मलाही तेच पटतं.

किन्शासाला कटांगातल्या श्रीमंत माणसाची इतकी धास्ती का, हे समजून घ्यायला 1960 पर्यंत मागे जावं लागतं. स्वातंत्र्य मिळून दोन आठवडे झाले नव्हते तोच, 11 जुलै 1960 ला, मोइझ चोम्बे यांनी कटांगा वेगळा देश म्हणून जाहीर केला. चोम्बेही व्यापारी घराण्यातले, तेही मोइझ, आणि त्यांच्या मागे बेल्जियन खाण कंपनीचा पैसा. देशाचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबांना याच कटांगात आणून 17 जानेवारी 1961 ला गोळ्या घातल्या. ही फूट मोडायला संयुक्त राष्ट्रांनी फौज पाठवली तिच्यात आपले जवान होते. लुबुम्बाशीचं तेव्हाचं नाव एलिझाबेथव्हिल. त्या शहराच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर 5 डिसेंबर 1961 ला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. परमवीरचक्राच्या यादीत त्यांचं नाव आपण वाचतो, पण ते कोणत्या लढाईत आणि कशासाठी गेले, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते कटांगाचा पैसा काँगोतून फुटून जाऊ नये म्हणून गेले.

ही जखम किन्शासाच्या मनात आहे आणि ती खोटी नाही. पण कातुम्बी अध्यक्षपद मागताहेत. सगळ्या देशाचं अध्यक्षपद मागणारा माणूस प्रांत तोडायला निघालेला नसतो. चोम्बेंचं भूत त्यांच्या मानेवर बसवणं सोपं आहे, कारण नाव तेच, शहर तेच आणि खाणीही त्याच आहेत.

2019 मध्ये ती शिक्षा रद्द झाली. कातुम्बी 20 मे 2019 ला परतले, गेले त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. लुबुम्बाशीत माणसांचा पूर लोटला. इथवर मी त्यांच्या बाजूने उभा आहे. यापुढे मात्र माझा त्यांच्याशी वाद आहे. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि पुढे त्शिसेकेदींच्या सत्ताधारी आघाडीत सामील झाले. त्यांच्या माणसांना मंत्रिपदं मिळाली. डिसेंबर 2022 पर्यंत ते तिथे होते. या काळात खाण व्यवहारांची फेरतपासणी होऊ शकली असती. सरकारात बसून त्यांना म्हणता आलं असतं, की माझ्या कंपनीच्या ठेक्यांपासून सुरुवात करा, आणि मग सगळ्यांचे ठेके टेबलावर ठेवा. असं ते म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही. पुढच्या निवडणुकीचा वारा लागल्यावर ते बाहेर पडले. ज्याच्यावर इतका अन्याय झाला त्याला सत्तेची ऊब नको का, असं त्यांचे चाहते म्हणतील. ऊब घ्यावी, पण मग विरोधी पक्षनेता म्हणवून घेताना त्या वर्षांचाही जाब द्यावा.

दरम्यान काबिलांच्या कोर्टाची जागा रक्ताने घेतली. नोएल चियानी या अर्थतज्ज्ञाच्या कल्पनेवरून 2021 मध्ये संसदेत एक विधेयक आलं: अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आई आणि वडील दोघंही मूळचे काँगोलीज असले पाहिजेत. याला तिथे 'काँगोलिते' म्हणतात, काँगोलीजपणा. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण गल्लीतल्या पोरालाही कळत होतं की हा कायदा कुणाच्या मापाने शिवला आहे. विधेयक 2023 च्या निवडणुकीपर्यंत पार झालं नाही. मग चियानी स्वतः उमेदवार म्हणून उभे राहिले आणि कातुम्बींना बाद करा म्हणून घटना न्यायालयात गेले. न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं.

आफ्रिकेने हे विष आधी चाखलेलं आहे. शेजारच्या झांबियात 1996 मध्ये घटना बदलून आई-वडील दोघंही झांबियन असण्याची अट घातली गेली. निशाण्यावर होते केनेथ काउंडा, ज्यांनी तो देश स्वतंत्र केला आणि 27 वर्षं चालवला. त्यांचे आई-वडील शेजारच्या न्यासालँडचे. पुढे एका कोर्टाने तर काउंडांना कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत असं ठरवलं. आयव्हरी कोस्टमध्ये 'इव्हॉरिते'च्या नावाने अलासान वाताराना निवडणुकीपासून दूर ठेवलं. 2002 मध्ये देश दुभंगला आणि 2010-11 च्या हिंसाचारात सुमारे 3000 माणसं मेली. वातारा अखेर अध्यक्ष झाले. आणि एप्रिल 2025 मध्ये, त्यांच्याच राजवटीत, तिजान तियाम या बड्या बँकरचं नाव फ्रेंच नागरिकत्वाच्या मुद्द्यावरून मतदार यादीतून काढलं गेलं. ज्याने हा चाबूक अंगावर झेलला, त्याच्याच राज्यात तो पुन्हा उगारला गेला.

कातुम्बींच्या बाबतीत मला याची चीड वेगळ्याच कारणाने येते. त्यांच्या वडिलांनी रोड्स सोडलं ते रक्त तपासणाऱ्या कायद्यामुळे. जे मागे राहिले त्यांना जुलै 1944 मध्ये बोटींत भरून नेलं, सतराशेच्या आसपास माणसं, बहुतेकांचा शेवट ऑशविट्झमध्ये झाला. त्या बेटावरून निसटलेला एक माणूस आफ्रिकेतल्या सरोवराकाठी संसार थाटतो, मासळी विकतो, इथल्या बाईशी लग्न करतो, तिथल्याच मातीत मुलं वाढवतो. आणि ऐंशी वर्षांनी त्याच्या मुलाला संसदेत पुन्हा विचारलं जातं, तुझं रक्त किती टक्के. राजकीय डाव म्हणून याकडे पाहायला माझं मन तयार होत नाही.

नागरिकत्वाची गोष्ट निराळी. इटलीतल्या एका गावच्या दप्तरात कातुम्बींची 2000 ते 2017 या काळात इटालियन नागरिक म्हणून नोंद असल्याचं 2018 मध्ये छापून आलं. काँगोचा कायदा दुसरं नागरिकत्व चालू देत नाही. गव्हर्नर असतानाही ते नागरिकत्व असेल तर त्यांनी त्याचं उत्तर द्यायला हवं, आणि हा प्रश्न वंशाचा नाही, कायद्याचा आहे. मात्र 2007 मध्ये याच मुद्द्यावरून संसदेत वादळ उठलं तेव्हा दुसरा पासपोर्ट बाळगणारे इतके खासदार निघण्याची चिन्हं दिसली, की मुदत देऊन विषय बाजूला सारला गेला. सगळ्यांना विचारा, मग त्यांनाही विचारा.

आता एक आक्षेप, जो मला गंभीर वाटतो. विरोधी पक्ष हा श्रीमंताचा खेळ होऊन बसला तर त्यात लोकांचं काय? 2018 मध्ये अध्यक्षपदाच्या अर्जासोबत भरायची, परत न मिळणारी रक्कम सुमारे 1 लाख डॉलर होती. देशाचा विस्तार भारताच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त, रस्ते नावापुरते, एका शहरातून दुसऱ्या शहरात सभेला जायचं तर विमान लागतं. अशा देशात विरोधात उभं राहणं मास्तरला किंवा नर्सला जमणारं नाही. ज्याची स्वतःची विमानं आहेत तोच उभा राहणार, आणि त्याचा पक्ष त्याच्या खिशावर चालणार. खिसा आटला की पक्ष आटणार, खिसा सरकारला घाबरला की पक्षही घाबरणार. एत्येन त्शिसेकेदी, आजच्या अध्यक्षांचे वडील, 1982 पासून मोबुटू आणि मग काबिला बाप-लेकांविरुद्ध ठाम उभे राहिले ते स्वतःच्या खाणीच्या बळावर नव्हे. त्यांच्या पक्षाला वस्त्यावस्त्यांत माणसं होती, म्हणून छळ सोसूनही तो टिकला. कातुम्बींकडे चाहते आहेत. चाहत्यांचे कार्यकर्ते करायला लागणारी चिकाटी त्यांनी दाखवली का, याबद्दल मी साशंक आहे.

तरीही श्रीमंताने विरोधात येऊ नये असं मी म्हणणार नाही. सरकारी तिजोरी ज्याच्या प्रचाराला मोकळी आहे त्याच्यासमोर दुसरं कुणी उभं राहूच शकत नसेल, तर निवडणूक म्हणजे नुसती सही उरते. कातुम्बींचा पैसा वाईट असेल तर तो मोजून दाखवा. त्यांचा पैसा सत्ताधारी पक्षात असेपर्यंत कुणाला खुपला नव्हता, पक्ष सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी खुपायला लागला, हे विसरून चालणार नाही.

2023 हे वर्ष त्यांच्या माणसांसाठी वाईट गेलं. 30 मे रोजी त्यांचे जवळचे सल्लागार सालोमोन कालोंदा यांना किन्शासाच्या विमानतळावर उचललं. 13 जुलैला पक्षाचे प्रवक्ते आणि माजी वाहतूकमंत्री शेरुबँ ओकेंदे यांचा मृतदेह त्यांच्याच गाडीत सापडला, अंगावर गोळ्यांच्या जखमा. सरकारी वकिलांनी पुढच्या वर्षी सांगितलं, ही आत्महत्या होती. डिसेंबरच्या मतदानात केंद्रं उशिरा उघडली, काही ठिकाणी मतदान पुढच्या दिवसांवर गेलं. अधिकृत आकड्यांत त्शिसेकेदींना 73 टक्के मतं, कातुम्बी दुसऱ्या क्रमांकावर 18 टक्के. या 18 टक्क्यांत फसवणूक किती आणि पक्षाचा पाया कच्चा असल्याचा भाग किती, हे नीट वेगळं काढायला काँगोत तशी प्रामाणिक मोजणी लागेल. ती होत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये आदिस अबाबात कातुम्बी आणि जोसेफ काबिला यांची भेट झाली. ज्याच्या राजवटीत त्यांना तीन वर्षं देशाबाहेर राहावं लागलं त्याच्याशेजारी ते उभे होते, कारण आता दोघांनाही त्शिसेकेदींच्या घटनाबदलाच्या हालचालींना विरोध करायचा होता. आणि 30 सप्टेंबर 2025 ला किन्शासातल्या लष्करी कोर्टाने काबिलांना देशद्रोहासह गंभीर गुन्ह्यांत मृत्युदंड सुनावला, तोही आरोपीच्या गैरहजेरीत. बंडखोरांना साथ दिल्याचा आरोप गंभीर आहे आणि तो खरा असेल तर शिक्षाही व्हावी. पण त्या निकालातही खाणींचे पाच व्यवहार नाहीत, 1.36 अब्ज डॉलर नाहीत. अध्यक्ष बदलला, गुन्हेगार बदलला, आणि तो एक प्रश्न पुन्हा बाजूलाच राहिला.

या प्रश्नाचं उत्तर देणं कातुम्बींना आज करता येण्यासारखं आहे. त्यासाठी सत्ता लागत नाही, कोर्ट लागत नाही. एमसीके त्यांनी केव्हाच विकली. 2007 ते 2015 या काळात तिला कोणत्या खाणीतून किती रुपयांचं, म्हणजे किती डॉलरचं काम मिळालं, कोणता ठेका निविदा मागवून आणि कोणता थेट, किती कर भरला, ही वर्षवार यादी त्यांनी लुबुम्बाशीत छापून चौकाचौकात लावावी. कामालोंदोच्या स्टेडियमबाहेर तिकिटाच्या रांगेत उभा असलेला माणूस ती वाचू शकेल इतक्या मोठ्या अक्षरात, फ्रेंचमध्ये आणि तिथल्या स्वाहिलीमध्ये. मग किन्शासाकडे वळून विचारावं, तुमची यादी कधी लावता.